सहा तासांचे अर्धायुष्य आणि अकराशे किलोमीटरचे अंतर

रायपूरच्या समता कॉलनीत शेजारधर्म अजून शाबूत आहे. परवा संध्याकाळी शेजारच्या काकू काकांच्या तपासण्यांची फाइल घेऊन आल्या. वरच्याच कागदावर डॉक्टरांनी दोन शब्द लिहिले होते : ‘स्ट्रेस थॅलियम’. काकू म्हणाल्या, “भाऊ, अंगात अणूचे औषध टोचणार म्हणतात. त्यापेक्षा सरळ अँजिओग्राफीच करून टाकली तर नाही का चालणार?”

काकूंना मी तेव्हा जे सांगितले ते दोन वाक्यांत संपले. पण प्रश्नाचे खरे उत्तर शंभर वर्षांचे आहे. ते बोस्टन, पालेर्मो, बर्कली आणि ब्रुकहेवन येथून निघते, तुर्भ्याच्या किनाऱ्यावरून आणि परळच्या एका रस्त्यावरून फिरते आणि आमच्या जी. ई. रोडपर्यंत येऊन पोचते. गंमत अशी की, कागदावर ‘थॅलियम’ लिहिलेले असले तरी काकांना टोचले जाणारे औषध बहुधा थॅलियमचे नसेलच. नाव जुने राहिले, द्रव्य बदलले. हा बदल का झाला, हे समजले की या तपासणीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा दोन्ही समजतात.

पाट आणि शेत

छत्तीसगड हा धानाचा प्रदेश. म्हणून उपमा शेतीचीच घेऊ. पाटात गाळ किती साचला आहे, हा एक प्रश्न. त्या पाटाचे पाणी शेताच्या शेवटच्या बांधापर्यंत पोचते का, हा दुसरा. अँजिओग्राफी पाटाचे चित्र काढते : हृदयाच्या धमनीत अडथळा कुठे आहे आणि किती टक्के आहे, हे ती दाखवते. आण्विक तपासणी शेताचे चित्र काढते : हृदयाच्या स्नायूला विश्रांतीत आणि श्रमात रक्त किती मिळते, हे ती दाखवते. पाट अर्धा बुजलेला असूनही शेत हिरवे असू शकते आणि मोठा पाट मोकळा असूनही बारीक चाऱ्या आटलेल्या असू शकतात. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या चित्रात शोधू गेल्यास फसगत होते. काकूंना द्यायच्या उत्तराचा गाभा एवढाच आहे. बाकीचा इतिहास आहे, आणि तो या गाभ्याहून कमी उपयोगाचा नाही.

खानावळीतला पहिला प्रयोग

या विद्येच्या मुळाशी जॉर्ज द हेवेशी या हंगेरियन रसायनज्ञाचे अपयश आहे. १९११ च्या सुमारास मँचेस्टर येथे रदरफर्डने त्याला शिशात मिसळलेले ‘रेडियम-डी’ वेगळे काढायला सांगितले. हेवेशीने पुष्कळ खटपट केली, पण ते वेगळे होईना; कारण ते शिशाचेच किरणोत्सारी रूप होते. आज आपण त्याला समस्थानिक म्हणतो. जे वेगळे करता येत नाही ते खूण म्हणून वापरता येईल, हे हेवेशीच्या लक्षात आले. साध्या शिशात थोडे किरणोत्सारी शिसे मिसळावे, म्हणजे सगळ्या शिशाचा माग काढता येईल. १९१३ मध्ये फ्रिट्झ पानेथच्या साथीने त्याने ही पद्धत वापरली आणि पुढे तिच्यासाठी त्याला १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, खानावळीतले उरलेले अन्न पुन्हा ताटात येते असा त्याला संशय होता. म्हणून त्याने उष्ट्यात किरणोत्सारी द्रव्य टाकले आणि पुढच्या जेवणात ते उपकरणाने पकडले. मुंबई-पुण्याच्या खानावळीत राहिलेल्या कोणालाही ही कथा पटायला हरकत नाही!

हृदयाकडे हा माग पहिल्यांदा वळवला तो बोस्टनच्या हर्मन ब्लमगार्टने. १९२५ ते १९२७ च्या दरम्यान त्याने रुग्णाच्या एका हाताच्या शिरेत किरणोत्सारी द्रावण टोचले आणि दुसऱ्या हातापाशी ते केव्हा पोचते हे मोजले. किरण ओळखण्यासाठी त्याने विल्सनच्या मेघकक्षात बदल करून तो वापरला. निरोगी माणसात हा प्रवास अर्ध्या मिनिटाच्या आत पूर्ण होई. दुबळ्या हृदयाच्या रुग्णात तो लांबे. आकृती नाही, चित्र नाही, केवळ सेकंदांची मोजदाद. पण शरीर न कापता हृदयाचे कार्य मोजण्याची ती सुरुवात होती. १९४८ मध्ये मायरन प्रिन्झमेटलने किरणोत्सारी सोडियम टोचून छातीवर ठेवलेल्या मोजणीयंत्राने हृदयातून जाणाऱ्या रक्ताचा आलेख काढला. आता गरज होती ती योग्य द्रव्याची आणि योग्य डोळ्याची.

कृत्रिम मूलद्रव्य आणि त्याची गाय

डोळा मिळाला कॅलिफोर्नियातील बर्कली येथे. हॅल अँगरने १९५८ च्या सुमारास गॅमा कॅमेरा सिद्ध केला. सोडियम आयोडाइडचा मोठा स्फटिक गॅमा किरण पडताच क्षणभर चमकतो. मागे मांडलेल्या प्रकाशनलिका ती चमक कुठे झाली हे ठरवतात. अशा लाखो चमकांतून अवयवाचे चित्र उभे राहते. येथे किरण यंत्रातून शरीरात जात नाहीत, तर ते शरीरातून यंत्राकडे येतात. एक्स-रे आणि आण्विक प्रतिमा यांच्यातला मूलभूत फरक हाच.

द्रव्याची कथा त्याहून विलक्षण आहे. आवर्तसारणीत ४३ व्या क्रमांकाची जागा दीर्घकाळ रिकामी होती. १९३७ मध्ये इटलीतील पालेर्मो येथे एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांना बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये वापरलेल्या मॉलिब्डेनमच्या पट्टीत हे मूलद्रव्य सापडले. माणसाने घडवलेले हे पहिले मूलद्रव्य. म्हणून ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव टेक्नेशियम पडले. त्याचे ‘९९-एम’ हे रूप वैद्यकासाठी जणू मापून घेतले आहे. त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे, म्हणजे तपासणीला पुरेल इतके लांब आणि रुग्णाच्या शरीरात रेंगाळू नये इतके आखूड. त्याचे किरण शरीराबाहेर येऊन कॅमेऱ्याला दिसतील इतके समर्थ असतात.

पण जे सहा तासांत निम्मे होते ते कारखान्यातून रुग्णालयापर्यंत न्यायचे कसे? याचे उत्तर १९५७-५८ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सापडले. टेक्नेशियम पाठवायचेच नाही. त्याची जननी असलेले मॉलिब्डेनम-९९ पाठवायचे. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६६ तासांचे. ते अ‍ॅल्युमिनाच्या स्तंभात धरून ठेवायचे. त्यातून सतत टेक्नेशियम जन्मत राहते आणि सकाळी क्षारजल सोडले की तेवढेच धुऊन बाहेर येते. दुसऱ्या दिवसापर्यंत ते पुन्हा भरते. रोज सकाळी धार काढावी तसा हा प्रकार असल्याने जगभरचे तंत्रज्ञ या जनित्राला ‘गाय’ म्हणू लागले. ब्रुकहेवनने या शोधाचे पेटंट घ्यावे का, असा प्रश्न निघाला तेव्हा अधिकाऱ्यांना त्यात पुरेशी बाजारपेठ दिसली नाही. पुढे हेच द्रव्य जगातल्या आण्विक वैद्यकाचा कणा ठरले.

तुर्भे आणि परळ

आता आपल्या मुलखात येऊ. तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. आशियातील अगदी पहिल्या अणुभट्ट्यांपैकी ती एक. १० जुलै १९६० रोजी ‘सायरस’ सुरू झाली आणि समस्थानिकांचे उत्पादन वाढीस लागले. अणुशक्ती म्हटली की सामान्य माणसाला वीज आणि अस्त्र या दोनच गोष्टी आठवतात. होमी भाभांच्या योजनेत मात्र तिसरी गोष्ट पहिल्यापासून होती : रुग्णशय्या. १९६३ मध्ये परळच्या जेरबाई वाडिया मार्गावर, टाटा मेमोरियलच्या जोडइमारतीत, रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. ते अणुऊर्जा आस्थापनेचे अंग होते. पण वसले मात्र गिरणगावात, रुग्णालयांच्या गर्दीत. अणुभट्टी खाडीकाठी आणि औषधोपचार परळला, असे हे विभाजन होते. येथे तयार झालेल्या डॉक्टरांनी आणि तंत्रज्ञांनी ही विद्या पुढे देशातील अनेक रुग्णालयांत नेली.

योगायोग असा की, रायपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही १९६३ चेच. एकाच वर्षी परळला आण्विक वैद्यकाचे केंद्र आणि रायपूरला साधे वैद्यक शिकवणारे पहिले महाविद्यालय! त्या दोहोंमध्ये सुमारे अकराशे किलोमीटरचे अंतर होते. हे अंतर केवळ रुळांचे नव्हते, हे पुढे दिसेल.

भारतीय टेक्नेशियमच्या इतिहासातला एक धडा आवर्जून सांगण्यासारखा आहे. पाश्चात्त्य देशांत मॉलिब्डेनम-९९ मिळे ते युरेनियमच्या विखंडनातून, आणि तेही बहुतांशी अतिसमृद्ध युरेनियम वापरून. आपण साध्या मॉलिब्डेनमवर न्यूट्रॉनांचा मारा करून ते तयार करत होतो. यात अडचण अशी की, हाती येणाऱ्या द्रव्यात किरणोत्सारी अणू थोडे आणि साधे अणू फार. ते स्तंभात धरायचे तर स्तंभ अवाढव्य करावा लागे. म्हणून येथे दुसरी रीत रूढ झाली : मॉलिब्डेनमच्या क्षारीय द्रावणात मिथाइल इथाइल कीटोन हा द्रावक मिसळायचा, तो नेमके टेक्नेशियम ओढून घेतो, मग द्रावक उडवून लावायचा आणि उरलेले द्रव्य क्षारजलात विरघळवायचे. परदेशात जे काम एका नळीतून क्षारजल सोडून होई, ते आपल्या रुग्णालयांतले तंत्रज्ञ शिशाच्या भिंतीआड रोज सकाळी हाताने करत. ज्वालाग्राही द्रावक, किरणोत्सारी द्रव आणि बाहेर उपाशीपोटी बसलेले रुग्ण. या कामाची आठवण कोणत्याही शिलालेखावर नाही. पण कित्येक वर्षे अनेक भारतीय रुग्णांची तपासणी त्या सकाळच्या कष्टांवर चालली. ८ ऑगस्ट १९८५ रोजी ‘ध्रुव’ ही मोठी अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि १९८९ मध्ये समस्थानिकांच्या पुरवठ्यासाठी ‘ब्रिट’ हे स्वतंत्र मंडळ आले. वाशीहून मॉलिब्डेनम आणि औषधी मिश्रणांच्या कुप्या देशभर जाऊ लागल्या. ध्रुवच्या उभारणीत मोलाचा वाटा असलेले अनिल काकोडकर यांचा जन्म बडवानीचा, म्हणजे आजच्या मध्यप्रदेशातला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांना ही नोंद आपलीशी वाटेल.

थॅलियमचे राज्य आणि त्याचा अस्त

हृदयस्नायूचे चित्र मात्र टेक्नेशियमने लगेच दिले नाही. स्नायूची पेशी पोटॅशियम आत ओढून घेते. १९७३ मध्ये बॅरी झॅरेट आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी पोटॅशियम वापरून दाखवले की, व्यायामाच्या वेळी ज्या भागाला रक्त कमी पडते तो भाग चित्रात फिका दिसतो. पोटॅशियमसारखेच वागणारे, पण कॅमेऱ्याला अधिक सोयीचे द्रव्य ब्रुकहेवन येथे एलियट लेबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यास पुढे आणले. तेच थॅलियम-२०१. रुग्ण ट्रेडमिलवर चालतो, श्रम शिगेला पोचले की इंजेक्शन दिले जाते आणि लगेच चित्र काढले जाते. तीन-चार तासांनी पुन्हा चित्र काढायचे. पहिल्या चित्रात फिका असलेला भाग दुसऱ्यात भरून आला, तर तेथे रक्त कमी पडते पण स्नायू जिवंत आहे. दोन्ही चित्रांत फिकाच राहिला, तर तेथे बहुधा जुन्या झटक्याचा वण आहे. या साध्या तुलनेवर पुढची सगळी इमारत उभी आहे.

थॅलियममध्ये दोन उणिवा होत्या. त्याचे किरण क्षीण, म्हणून चित्र धूसर. त्यातच स्थूल शरीर असेल तर अधिकच. शिवाय ७३ तासांच्या अर्धायुष्यामुळे रुग्णाला मिळणारी मात्रा जास्त. आपल्याकडे तिसरी अडचण होती : थॅलियम अणुभट्टीत नव्हे, तर सायक्लोट्रॉनमध्ये बनते, म्हणून ते परदेशातून विमानाने येई.

ही कोंडी एमआयटीचे अ‍ॅलन डेव्हिसन आणि हार्वर्डचे अ‍ॅलन जोन्स यांच्या रसायनशास्त्राने फोडली. त्यांनी टेक्नेशियमभोवती असा रेणू गुंफला की तो हृदयपेशीत शिरून तिच्या तंतुकणिकांमध्ये टिकून राहतो. या सेस्टामिबीला १९९० च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळाली. आता ‘गाय’ ज्या रुग्णालयात आहे तेथे हृदयाचे चित्र निघू शकत होते. कॅमेरा रुग्णाभोवती फिरून त्रिमितीय चित्र देऊ लागला. त्याला हृदयाच्या ठोक्यांशी जोडल्यावर एकाच तपासणीत रक्तपुरवठाही दिसू लागला आणि हृदय दर ठोक्याला किती रक्त बाहेर फेकते तेही. लोकांच्या तोंडी मात्र ‘थॅलियम’ हा शब्द बसला तो बसलाच. काकांच्या कागदावर तोच उतरला आहे.

अंतराचे गणित

आता त्या अकराशे किलोमीटरकडे वळू. मुंबईहून हावडा मेलसारख्या गाडीला रायपूरला पोचायला साधारण अठरा-वीस तास लागतात. अठरा तास म्हणजे टेक्नेशियमची तीन अर्धायुष्ये. तुर्भ्याला भरलेल्या कुपीतले आठ आण्यांचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक आणा, अशी अवस्था. मॉलिब्डेनम मात्र सात दिवसांनीही सुमारे १७ टक्के उरते. म्हणजे जनित्र नसते तर ही विद्या अणुभट्टीच्या परिसरातच अडकून पडली असती. जनित्राने अंतर जिंकले. परंतु ते येण्यासाठी कॅमेरा हवा, परवाना हवा, शिशाची खोली हवी, प्रशिक्षित माणूस हवा. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अटी पुऱ्या केल्याशिवाय हे काम करता येत नाही, आणि तसेच असले पाहिजे. यांपैकी एक गोष्ट जरी कमी पडली तरी द्रव्याऐवजी रुग्णालाच प्रवास करावा लागतो.

आमच्या प्रदेशाने तो प्रवास पुष्कळ केला आहे. रायपूर १९५६ पर्यंत ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती. मोठे दुखणे निघाले की नागपूर गाठायचे, ही येथील मराठी कुटुंबांची जुनी सवय. शेजारच्या चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ १९३५ चे. तेथे बसणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या बोलण्यात आजही ‘नागपूरला दाखवून आलो’ हे वाक्य येते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले. २०१२ मध्ये टाटीबंधला एम्स सुरू झाले आणि आता तेथे आण्विक वैद्यकाचा विभाग आहे. समता कॉलनीपासून ते काही किलोमीटरवर. परळच्या केंद्रापासून येथवर यायला या विद्येला जवळजवळ अर्धे शतक लागले. द्रव्याचे अर्धायुष्य सहा तासांचे. व्यवस्थेचे मात्र दशकांत मोजायचे.

आणि ही कथा येथे संपत नाही. बस्तरच्या गावातून येणाऱ्या रुग्णाला रायपूर तितकेच दूर आहे, जितके एकेकाळी आम्हाला नागपूर होते.

नवे डोळे, नवी द्रव्ये

पुढचा टप्पा पॉझिट्रॉन प्रतिमांचा, म्हणजे पेटचा. परळच्याच केंद्रात २००२ मध्ये देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट सुविधा सुरू झाली. पेटमध्ये हृदयस्नायूच्या प्रत्येक ग्रॅमला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त मिळते हे आकड्यात मोजता येते. येथे पुन्हा अर्धायुष्य आडवे येते. नायट्रोजन-१३ चे अर्धायुष्य सुमारे १० मिनिटांचे. त्यासाठी सायक्लोट्रॉन त्याच आवारात हवा. रुबिडियम-८२ चे सव्वा मिनिटाचे; ते जनित्रातून थेट शिरेत सोडावे लागते आणि ते जनित्र महाग असते. फ्लोरिन-१८ चे ११० मिनिटांचे. हे द्रव्य जोडलेले फ्लुरपिरिडाझ हे हृदयासाठीचे नवे औषध अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य झाले. जवळच्या शहरातल्या सायक्लोट्रॉनमधून ते मोटारीने आणता येईल इतका अवधी त्यात मिळतो. म्हणूनच त्याकडे जगाचे लक्ष आहे.

कॅमेऱ्यातही क्रांती झाली. सोडियम आयोडाइडच्या जागी कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे शोधक आले. त्यांनी तपासणीचा वेळ आणि किरणांची मात्रा दोन्ही घटवली. टेक्नेशियम पायरोफॉस्फेट हे मूळचे हाडांच्या तपासणीचे औषध आता हृदयात साचणाऱ्या ट्रान्सथायरेटिन अमायलॉइड या विकाराचे निदान करते. रक्त-लघवीच्या तपासण्यांनी दुसरा प्रकार वगळला, तर पुष्कळ रुग्णांत हृदयाचा तुकडा काढून पाहण्याची गरजच राहत नाही. वृद्धांच्या हृदयदौर्बल्यातील हा विकार पूर्वी बहुधा ओळखलाच जात नसे.

या प्रगतीचा पाया किती ठिसूळ असू शकतो, हे मे २००९ मध्ये दिसले. कॅनडातील चॉक रिव्हर येथील जुनी अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली, ती ऑगस्ट २०१० पर्यंत सुरू झाली नाही. आणि जगभर टेक्नेशियमची टंचाई झाली. मूठभर म्हाताऱ्या अणुभट्ट्यांवर कोट्यवधी तपासण्या उभ्या होत्या. आपली सायरसही २०१० च्या अखेरीस कायमची थांबली. १० सप्टेंबर २०१८ रोजी तुर्भ्याला ‘अप्सरा-यू’ सुरू झाली. वैद्यकीय समस्थानिकांचे देशी उत्पादन सुमारे ५० टक्क्यांनी वाढवणे हा तिचा जाहीर हेतू. त्याच वर्षी कोलकात्याला मोठा वैद्यकीय सायक्लोट्रॉन कार्यान्वित झाला. थॅलियम देशातच तयार करणे हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक. मे २०२० मध्ये खासगी सहभागातून समस्थानिकांसाठी स्वतंत्र अणुभट्टी उभारण्याची घोषणा केंद्र सरकारने केली. अशा घोषणांची प्रगती विचारत राहणे हे विज्ञानवार्ता वाचणाऱ्या नागरिकाचे काम आहे.

चित्र काय सांगते, काय सांगत नाही

आता काकूंच्या प्रश्नाकडे परत. या तपासणीचे सर्वांत मोठे देणे म्हणजे धीर देण्याची तिची शक्ती. पुरेशा श्रमानंतर चित्र निर्दोष आले, तर पुढच्या वर्षात हृदयविकाराचा झटका किंवा हृदयमृत्यू येण्याची शक्यता सर्वसाधारणपणे एक टक्क्याहून कमी असते. अशा रुग्णाला पुष्कळदा अँजिओग्राफीची गरज पडत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत, मध्यम ते तीव्र रक्तन्यूनता असलेल्या पण स्थिर अशा ५,१७९ रुग्णांना दोन गटांत विभागले होते. लगेच अँजिओग्राफी आणि शक्य तेथे स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत, आधी औषधांवर ठेवलेल्यांच्या तुलनेत मृत्यू वा झटके लक्षणीय कमी झाले नाहीत. ज्यांना छातीत वारंवार दुखत होते त्यांना मात्र आराम अधिक मिळाला. म्हणजे चित्रात डाग दिसला की लगेच स्टेंट, हे समीकरण विज्ञानाला मान्य नाही. डाग हा निर्णय नाही. तो संवादाचा आरंभ आहे.

दुसरी बाब निद्रिस्त स्नायूची. मुंबईत जन्मलेले शहाबुद्दीन रहिमतुला यांनी ऐंशीच्या दशकात ठामपणे मांडले की, रक्त कमी मिळाल्यामुळे काही हृदयस्नायू मरत नाहीत, तर शीतनिद्रा घेतात आणि रक्त मिळताच पुन्हा जागे होऊ शकतात. पेट आणि थॅलियम यांनी हा जिवंत पण निजलेला स्नायू दाखवता येतो. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर, २०११ च्या ‘स्टिच’ आणि २०२२ च्या ‘रिव्हाइव्ह्ड’ या चाचण्यांनी या सुंदर कल्पनेला वेसण घातली. केवळ स्नायू जिवंत दिसला म्हणून शस्त्रक्रिया वा स्टेंटने आयुष्य वाढतेच, असे सिद्ध झाले नाही. विज्ञानाचा इतिहास विजयांचा असतो तसा अशा आवरून घेण्याचाही असतो.

चित्राच्याही खोड्या आहेत. तिन्ही धमन्या सारख्याच अरुंद असतील, तर सगळे शेत सारखेच कोरडे आणि चित्र फसवे निर्दोष दिसू शकते. स्त्रियांत स्तनांच्या आणि पुरुषांत श्वासपटलाच्या छायेमुळे खोटा डाग उमटू शकतो. म्हणून अहवाल वाचणाऱ्याचा अनुभव यंत्राइतकाच मोलाचा. छातीत अचानक तीव्र कळ आली, घाम सुटला, डावा हात जड झाला, तर ही तपासणी शोधत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. ती वेळ ईसीजीची आणि रक्तवाहिनी उघडण्याची असते.

राहिली किरणांची भीती. टेक्नेशियमच्या श्रम-विश्रांती तपासणीत साधारण १० मिलीसिव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गातूनच माणसाला जगभरात सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट दर वर्षी मिळते. म्हणजे तपासणी जवळपास चार वर्षांच्या नैसर्गिक मात्रेइतकी. नव्या कॅमेऱ्यांवर आणि केवळ श्रमाचे चित्र काढून ती बरीच कमी करता येते. ही मात्रा घाबरण्यासारखी नाही, पण उगाच घेण्यासारखीही नाही. लक्षणे नसताना, केवळ वार्षिक पॅकेजात आहे म्हणून ही तपासणी करू नये. गर्भारपण किंवा अंगावरचे दूध पाजणे असेल तर आधीच सांगावे.

काकूंना मी शेवटी म्हटले, “काकू, डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. या तपासणीने कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे? उत्तर ‘हो’ आले तर पुढे काय करणार, ‘नाही’ आले तर काय? आणि औषध कोणते टोचणार?” काका बाजूलाच बसले होते. त्यांना एवढेच विचारायचे होते की चहा चालेल का. ट्रेडमिलऐवजी औषधाने श्रम घडवायचे असतील, तर आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद. नाहीतर औषधाचा परिणामच होत नाही. काकांचा चेहरा पडला. किरणोत्साराला जो माणूस भ्याला नव्हता तो चहाच्या उपासाला भ्याला!

तपासणी झाली. तिचा निकाल त्यांचा खासगी आहे. पण त्या सकाळी एका शिशाच्या खोलीत कोणीतरी ‘गाईची’ धार काढली असेल, कुपी हलवून मात्रा मोजली असेल, घड्याळ पाहिले असेल. एका हातात टोचून दुसऱ्या हातापाशी वाट पाहणारा ब्लमगार्ट, उष्ट्याचा माग काढणारा हेवेशी आणि परळच्या पहाटे द्रावक उडवणारा अनाम तंत्रज्ञ, हे सगळे त्या घड्याळाकडे पाहत उभे होते, असे म्हणायला हरकत नाही. टेक्नेशियम सहा तासांत निम्मे होते. ते तेवढ्या वेळात प्रत्येक गरजवंतापर्यंत पोचेल अशी व्यवस्था रायपूरच्याही पुढे, जगदलपूर-दंतेवाड्यापर्यंत उभी करणे, हे आता उरलेले काम आहे.